अडसराची खोबण

अडसर अर्ध्यावर येऊन अडला. केवळाबाईनं तो मागं ओढला आणि पुन्हा ढकलला. पुन्हा तिथंच. तिसऱ्या वेळी तिनं खांदा लावून जोर केला, तेव्हा लोखंड कशात तरी मऊ रुतल्यासारखं झालं आणि थांबलं. कंधारहून आल्याला तासही झाला नव्हता, पिशवीची गाठ अजून सुटली नव्हती, आणि घराचं दार लागत नव्हतं.

हा अडसर म्हणजे केवळाबाईची झोप होती. भूकंपात नवरा गेला, सासू-सासरे गेले आणि कडेवरची शिवकांता तेवढी तिच्याकडे राहिली. सरकारनं किल्लारीच्या अलीकडे नवं गाव वसवलं, त्यात तिला एक घर मिळालं. त्या घराला पत्र्याचं दार होतं आणि करंगळीएवढी कडी. केवळाबाईनं दोन वर्षं मजुरी करून ते दार काढलं, जुन्या गावाच्या ढिगाऱ्यातली सागवानी चौकट आणून बसवली आणि सुताराला म्हणाली, "अडसराला खोबण पाड." त्यानं गिरमिट फिरवून बोटभर भोक पाडलं.

"ह्याच्यात काय जातंय? अजून पाड."

चौकट संपली, भिंत लागली, तरी हिचं "अजून पाड" संपेना. शेवटी सुतार म्हणाला, "अक्का, आता गिरमिट शेजाऱ्याच्या चुलीत निघंल!" तेव्हा कुठं ती थांबली. अडसर त्या खोबणीत निम्म्यापर्यंतसुद्धा पोचत नव्हता. पण खोबण खोल आहे, एवढ्यावर तिला झोप लागायची.

गावात तिच्या संशयाच्या गोष्टी लोक चवीनं सांगत. अंगणवाडीत ती मदतनीस होती. खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची आणि घरी जाताना तेलाच्या डब्यावर खडूनं खूण करून जायची. दूधवाला माप घालायला लागला की सगळ्या बाया मापाकडे बघत, ही त्याच्या डोळ्यांकडे बघायची. नव्या अंगणवाडी ताईनं एकदा हसत विचारलं, "मावशी, माझ्यावर बी संशय हाय का?" तर ही म्हणाली, "अजून ओळख कुठं झालीय आपली?"

असल्या बाईच्या दारात कुणीतरी काहीतरी कोंबून ठेवलं होतं.

तिनं बल्बच्या उजेडात दाभण घेतला आणि खोबण कोरायला बसली. आधी हिरवा चुरा पडला. मग एक गुंडाळी बाहेर आली, करंगळीच्या पेराएवढी. पानावर पान चढवून, कडा दुमडून, तोंडाला गोल चकती लावून बंद केलेली. असा नेटका विडा तर पानपट्टीवालासुद्धा बांधत नाही. केवळाबाईनं तो दाभणानं फोडला. आत हळदीसारखं पिवळं काहीतरी होतं, ओलसर. आणि त्या पिवळ्यावर एक पांढरा दाणा ठेवलेला, कणीच्या तांदळासारखा.

पान, हळद, तांदूळ.

लहानपणी तिनं भानामती झालेल्या बाया पाहिल्या होत्या. कुत्र्यासारख्या भुंकायच्या, कपड्यांना आपोआप गोल भोकं पडायची. ती बाहेर गेली आणि मोबाइलची बॅटरी दारातल्या गुलाबावर धरली. पानापानाच्या कडेला गोल काप होते, बांगडीच्या तुकड्यानं दाबून काढावेत तसे. एकही काप वाकडा नव्हता. अळी खाते तेव्हा पान चिंध्यांसारखं होतं हे तिला माहीत होतं. हे कुणीतरी बसून, सवडीनं कापलेलं होतं.

तिनं चूल पेटवली. दाभण जाईल तिथपर्यंतच्या तीन-चार गुंडाळ्या काढल्या, सांडशीत धरून एकेक आगीत घातली आणि दाराला धान्याची कोठी लावून रात्रभर बसून राहिली. भीती चोराची नव्हती. शिवकांताला लग्नानंतर किती वर्षांनी दिवस गेले होते. तिच्याच डोहाळजेवणाला केवळाबाई कंधारला जाऊन राहिली होती, आणि येताना मोठ्या मिनतवारीनं तिचा होकार घेऊन आली होती, की बाळंतपणाला मी माहेरी येईन. लग्न झाल्यापासून जी पोरगी या घरात एक रात्र राहिली नव्हती, ती दोन महिने राहणार होती. आणि नेमकं आताच दारात हे निघालं.

कुणी केलं असेल, याचा विचार करायला तिला फार वेळ लागला नाही. घराची दुसरी किल्ली महामायाकडे होती.

महामाया पलीकडच्या घरातली, गावची आशाताई. गरोदर बायांना दवाखान्यात न्यायची, बाळांची वजनं करायची. केवळाबाईनंच तिला किल्ली दिली होती, संध्याकाळी बल्ब लाव आणि सकाळी बंद कर, म्हणजे घरात माणूस आहे असं चोराला वाटेल, असं बजावून. वर गुलाबाला पाणी घालायला सांगितलं होतं. म्हणजे घरात येणं-जाणं तिचं, गुलाबाला हात तिचा. मलप्पा नावाचा एक जाणता दोन गावं सोडून राहत होता, त्याला विचारावं असं एकदा मनात आलं. पण मलप्पाचा तरी काय भरवसा? तो गावभर करायचा. केवळाबाईचा भानामतीवर विश्वास होता, भानामती उतरवणाऱ्यावर नव्हता.

सकाळी नळावर बायांची गर्दी होती. महामायानं तिला लांबून पाहिलं आणि तोंड भरून हसली.

"आलाव का अक्का? कशी हाय शिवकांता? पायाला सूज-बीज न्हाई ना?"

"किल्ली दे."

"देते की. पहिलं सांगा तर..."

"किल्ली दे म्हनले न."

महामायानं पदराची गाठ सोडून किल्ली काढली. "काय झालं?"

"काय झालं ते तुझं तुला ठावं. पानात हळद-तांदूळ गुंडाळून माझ्या दारात कोंबायलीस व्हय? माझी लेक पोटुशी हाय. इतक्या वर्सांनी तिची कूस उजवली, ते तुला बघवलं न्हाई?"

नळावरचा हंडा भरून वाहायला लागला. कुणी बाजूला घेतला नाही.

महामाया ओरडली असती तर बरं झालं असतं. पण ती हळू आवाजात बोलली. "अक्का, आमच्या घरात हळद-तांदळानं देव पुजत न्हाईत. असलं काई मानत बी न्हाईत. तुमाला ठाऊक हाय. माझ्या सासूला जुन्या गावात असंच म्हनून लिंबाला बांधलं होतं. तवा तुमी नवी नवरी होताव. बघितलं असंल तुमी."

केवळाबाईनं बघितलं होतं. डोक्यावरचा पदर ओढून घेऊन, सासूच्या पाठीमागून.

"धरा," म्हणून महामायानं किल्ली तिच्या हातात ठेवली, स्वतःचा हंडा रिकामाच उचलला आणि निघून गेली.

नळावर बोललेलं नळावर राहत नाही. दुपारी महामाया अंजूच्या घरी तिला तपासणीला न्यायला गेली. अंजू गावातली नवी सून, तिला सातवा महिना होता. तिच्या सासूनं उंबऱ्यातूनच सांगितलं, "आमी आमचं जाऊ दवाखान्यात. तुमी नका येऊ." हे केवळाबाईच्या कानावर आलं. तिला थोडं बरं वाटलं आणि थोडं कसंतरीच वाटलं. त्यातलं कसंतरी वाटणं तिनं दाबून टाकलं.

संध्याकाळी शिवकांताचा फोन आला. गावात फोन काही एकट्या केवळाबाईकडे नव्हता.

"माय, तू महामाया मावशीला काय बोललीस?"

"तुला कुनी सांगितलं?"

"कुनी का सांगंना. बोललीस का न्हाई?"

"अगं, तू बघितलं न्हाईस. पानात हळद..."

"माय, मी बाळंतपनाला येनार होते ते मावशी शेजारी हाय म्हनून. तुझ्यासाठी न्हाई." शिवकांता थांबली. बोललेलं तिलाही लागलं असावं. पण ती मागं हटली नाही. "मी ल्हान होते तवा तू कामावर जायचीस, बाहेरनं कुलूप लावायचीस. मी दाराशी बसायची. भाकरी झाकून ठेवलेली असायची, पन मावशी खिडकीत येऊन बसली, गोष्ट सांगायला लागली, की मगच ती माझ्या घशाखाली उतरायची. तिच्या हातनं गजातून पानी पिलंय मी."

"मी तुला कोंडलं न्हाई, शिवे. जपलं. घरात दुसरं कोन होतं माझ्या?"

"ठाऊक हाय. पन कुलूप बाहेरनं होतं. आतनं ते कसं दिसतं, ते तुला कवाच कळलं न्हाई." मग ती म्हणाली, "मी येत न्हाई, माय. हितंच होऊ दे बाळंतपन."

फोन बंद झाला. केवळाबाईला रडू आलं, आणि रडता रडता महामायाचा रागही आला. लेकीला माझ्यापासून तोडायचं होतं, ते साधलं तिनं. संशयाला एकदा जागा दिली की तो सगळं सामान घेऊनच राहायला येतो. तसा तो आता तिच्या घरात पाय पसरून बसला होता.

एक-दोन दिवस गेले आणि अंगणवाडीतून आल्यावर तिनं पाहिलं, तर खोबणीच्या तोंडाशी पुन्हा हिरवं दिसत होतं. ताजं. दोन्ही किल्ल्या तिच्या कमरेला होत्या, कुलूप जसंच्या तसं. गुलाबाला नवे काप पडले होते. किल्लीशिवाय आत येणारी बाई साधी नव्हती.

केवळाबाई घाबरट मात्र नव्हती. तिनं अंगणवाडीत पोट दुखतंय म्हणून निरोप धाडला. सकाळी सगळ्या गल्लीला दिसेल असं पुढच्या दाराला कुलूप लावलं, पिशवी घेऊन रस्त्याला लागली, वळसा घालून मागच्या बाजूनं आली आणि मागच्या दारानं गुपचूप आत शिरली. चोर पकडायचा तर घर रिकामं दिसायला पाहिजे. पुढच्या दारापासून दोन हातांवर पाट टाकून ती बसली. हातात लाटणं घेतलं. लाटण्यानं भानामतीचं काय होणार होतं देव जाणे, पण हात रिकामा नको वाटला.

घर अंधारं होतं. खिडकीच्या वरच्या फुटक्या काचेतून उन्हाची एक पट्टी आत येत होती आणि जमिनीवरून मुंगीच्या चालीनं सरकत होती. बाहेर गल्ली जागी होती. शेळ्या गेल्या. भंगारवाला ओरडत गेला. कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. कुणीतरी तिच्या दाराशी आलं, कुलूप हलवून बघितलं आणि म्हणालं, "न्हाई वाटतं घरात." केवळाबाईला हाक मारावीशी वाटली. मी आहे, आत आहे. तिनं तोंडावर पदर दाबून धरला. पावलं लांब गेली, आणि ती इतकी लांब जाताना ऐकू येतात हे तिला नव्यानं कळलं.

मग ती त्या दाराकडे बघत राहिली. बाहेरून लावलेलं दार आतून नुसती लाकडाची भिंत असते. तिला वाटलं तर मागच्या दारानं ती आता उठून जाऊ शकत होती. ते मागचं दार तिनं शिवकांता शाळेत जायला लागल्यावर भिंतीत पाडून घेतलं होतं. त्याआधी या घराला एकच दार होतं, आणि त्याची किल्ली रानात, खुरपणाऱ्या बाईच्या कमरेला असायची. दोन-तीन वर्षांची पोर इथंच, अशीच बसत असणार. उन्हाच्या पट्टीकडे बघत. केवळाबाईनं लाटणं खाली ठेवलं. तिच्या घशाला कोरड पडली होती, पण उठून पाणी प्यावं असं तिला वाटेना.

तेवढ्यात खिडकीत गुणगुण झाली.

फुटक्या काचेतून काहीतरी हिरवं आत आलं. पानाचा तुकडा हवेत तरंगत येतोय असंच तिला वाटलं. तुकडा खोलीत एक घिरटी घालून सरळ चौकटीवर उतरला. तेव्हा तिला दिसलं. माशी होती. मोहोळाच्या माशीएवढीच, काळसर, अंगानं जरा आडवी. पानाचा गोल तुकडा तिनं पोटाशी सहा पायांत धरला होता, बाई दुपट्यात तान्हं धरते तसा. ती खोबणीत शिरली. आत बराच वेळ कुरकुर झाली. मग ती उलटी बाहेर आली आणि भर्रकन खिडकीतून निघून गेली.

केवळाबाई जागची हलली नाही. थोड्या वेळानं माशी परत आली, पुन्हा पान. मग पुन्हा पान. मग एकदा आली ती रिकामी. पण पोटाखाली पिवळीधमक होती, गावाबाहेरच्या तुरीच्या फुलांसारखी. आत जाऊन बाहेर आली तेव्हा पोट स्वच्छ होतं.

म्हणजे हळद ती होती. आणि हळदीवर ठेवलेला तांदळाचा दाणा? केवळाबाईच्या लक्षात आलं, ते अंडं होतं. तिनं सांडशीत धरून आगीत काय घातलं होतं ते तिला कळलं. ज्या घराची चूल तिनं एका पोरीसाठी पेटवली, त्याच चुलीत दुसऱ्या कुणाची पोरं गेली होती. तिनं नकळत हात जोडले.

भिंतीवर दुसरी एक माशी बसली होती. बारीक, बुडाशी टोकदार. ती कधीची तिथं होती, काही करत नव्हती, नुसती टपून होती. पहिली माशी बाहेर पडल्याबरोबर ही खोबणीकडे निघाली, तोंडाशी थांबली, बूड आत घालू लागली. केवळाबाईला या जातीचं नाव-गाव माहीत नव्हतं, पण दुसऱ्याच्या घरात आपलं काहीतरी सोडून जायचा हिचा बेत आहे हे तिनं क्षणात ओळखलं. संशयाच्या कामात ती तयार होती.

"ए सटवे! सर!" ती पुटपुटली.

पण तिला उठावं लागलं नाही. खिडकीतून गुणगुण आली, पहिली माशी झेपावली आणि तिनं डोक्यानं धडक देऊन त्या टोकदार माशीला चौकटीवरून खाली पाडलं. दोघी भिंतीशी गरगरल्या. टोकदार माशी निघून गेली. पहिलीनं खोबणीच्या तोंडाशी बसून इकडेतिकडे तोंड फिरवून बघितलं, खात्री करून घेतली आणि मग आत गेली.

केवळाबाई तिच्याकडे बघत राहिली. तिलाही कुणी नव्हतं. मोहोळ नव्हतं, पंगत नव्हती, हाताखाली दुसरी बाई नव्हती. एकटीनं रानात जायचं, पोटाशी धरून आणायचं, आत ठेवायचं, दार लावायचं आणि पुन्हा रानात जायचं. तिचाही कुणावर भरवसा नव्हता. फक्त तिला चोर कोण ते ओळखू येत होतं. केवळाबाईला ते आलं नव्हतं. चोराची फिकीर करता करता तिनं राखणदारिणीलाच धडक दिली होती.

ती उठली, मागच्या दारानं बाहेर पडली आणि सरळ नळावर गेली. पाण्याची वेळ होती, बाया होत्या, अंजूची सासूही होती. महामाया सगळ्यांत शेवटी, जरा बाजूला उभी होती. तिच्या आजूबाजूला बायांनी जागा सोडलेली होती. ती जागा केवळाबाईनं बघितली, पण ती थांबली नाही.

"बायांनो, ऐका. माझ्या दारात करनी-बिरनी काई न्हाई. माशी हाय. गुलाबाची पानं कापून घर करून राहिली. पिवळं हाय ते फुलाचं हाय. माझ्या डोळ्यानं बघितलं. खोटं वाटत आसंल तर चला, दावते. महामायानं काई केलं न्हाई. मीच डोकं फिरल्यावानी बोलले." आणि मग महामायाकडे वळून म्हणाली, "माया, माझं चुकलं."

बाया हसल्या. माशीला घाबरली म्हणून एकीनं चेष्टा केली. अंजूची सासू म्हणाली, "आमालाबी काई खरं वाटलं नव्हतं म्हना," आणि हंडा उचलून लगबगीनं चालती झाली. महामाया हसली नाही.

"माशी सापडली ते बरं झालं, अक्का," ती म्हणाली. "पन सापडली नसती तर?"

नळ मोकळा झाला आणि महामायानं आपला हंडा खाली लावला.

त्या दिवसापासून केवळाबाईनं अडसर लावला नाही. रात्री दार नुसतं लोटून घ्यायची, उंबऱ्याशी अंथरूण टाकून झोपायची. पहिल्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. नंतर नंतर लागायला लागला. माशी काही दिवस येत राहिली, मग एका दुपारी तिनं गोल चकत्यांवर चकत्या ठोकून खोबणीचं तोंड बंद केलं आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. केवळाबाई अंगणवाडीतून आली की आधी चौकट बघायची.

एके दिवशी तिनं लेकीला फोन लावला.

"शिवे, ये. मी दार लावत न्हाई आता."

"तू?" शिवकांता हसलीच. "आन् झोपतीस कशी?"

"कुलूप लावून आत बसले होते, शिवे. एक दीस. तुझ्यावानी." केवळाबाई म्हणाली. "लई वाईट असतं गं ते. मला म्हाईत नव्हतं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

शिवकांता थंडी सुरू होता होता आली. महामायानं तिचं सगळं केलं. कळा सुरू झाल्या तेव्हा गाडी बोलावली, गाडीत तिचं डोकं मांडीवर घेतलं, दवाखान्यात रात्रभर बाकड्यावर बसून राहिली. मुलगी झाली. घरी आल्यावर आशाताईनं बाळाला बघायला यायचं असतं, तशी ती ठरल्या दिवशी यायची. एकही फेरी चुकवली नाही. पण घरात यायची नाही. अंगणात उन्हाला बाळ मागवून घ्यायची, झोळीच्या काट्याला लावून वजन करायची आणि मग बाहेरून खिडकीशी उभी राहून गजातून शिवकांताशी बोलायची. दूध पुरतं का, ताप नाही ना, टाके दुखतात का. केवळाबाई दरवेळी म्हणायची, "आत ये की माया. दार उघडंच हाय."

महामाया दरवेळी म्हणायची, "हितनं दिसतंय की सगळं."

अडसर आता खोलीत दोन खुंट्यांवर आडवा होता आणि त्यावर बाळाची दुपटी वाळत असायची.

एका सकाळी शिवकांता बाळाला घेऊन दारातल्या उन्हात बसली होती आणि महामाया खिडकीशी उभी होती, तेव्हा खोबणीच्या तोंडाशी वाळक्या पानाचा चुरा पडायला लागला. केवळाबाई धावत आली. आतून कुणीतरी कुरतडत होतं. चकतीला भोक पडलं, भोकातून एक काळसर डोकं बाहेर आलं, अडखळलं, आणि ओलसर पंखांची एक माशी चौकटीवर येऊन उभी राहिली. तिला दार कुणी उघडून दिलं नव्हतं. वाट बघणारंही कुणी नव्हतं. थोडा वेळ तिनं उन्हात पंख ताणले आणि उघड्या दारातून, शिवकांताच्या डोक्यावरून, ती पहिल्यांदाच रानाकडे गेली. तिच्यामागून दुसरी आली.

"मावशी, बघायलीस का?" शिवकांता म्हणाली.

"बघायले की," महामाया गजापलीकडून म्हणाली.

केवळाबाईनं तिच्याकडे पाहिलं. तिथून तिला चौकट नीट दिसत नसणार, तिनं मान वाकडी केली होती. आत ये, असं केवळाबाईच्या ओठांवर आलं, पण आज तिनं ते म्हटलं नाही. ती आत गेली, चुलीपुढं बसायचा तो आपला छोटा लाकडी स्टूल घेतला, बाहेर जाऊन खिडकीखाली ठेवला आणि पदरानं पुसला.

महामाया बसली नाही. पण बाळ जागं होऊन रडायला लागलं, बोलणं लांबलं, तेव्हा तिनं पिशवी खांद्यावरून उतरवून त्या स्टुलावर ठेवली.